डोळ्याच्या नसेचा फोटो

दोन दिवसांत एका डोळ्यापुढे धुरकट आलं, डोळा फिरवला की आत दुखतं, आणि त्या डोळ्याने लाल रंग विटका दिसतो. एवढी तक्रार घेऊन तिशीच्या आतबाहेरची बाई नेत्रतज्ज्ञाकडे जाते. ते बाहुलीत थेंब टाकून आतला पडदा तपासतात. तीनातल्या दोन वेळा तिथे काहीच सापडत नाही, कारण सूज नसेच्या मागच्या भागात असते आणि तिथपर्यंत कुठल्याच भिंगाची नजर पोचत नाही. रुग्णालाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही दिसत नाही, असा एक जुना विनोद या अवस्थेबद्दल वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला जातो. पुढची पायरी ठरलेली. चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलं जातं, दोन दिवसांनी फिल्मची मोठी पिशवी हातात पडते, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असतं आणि त्याखाली ते सुप्रसिद्ध वाक्य: क्लिनिकली कोरिलेट करावं.

रिपोर्ट खोटा नसतो. मेंदू तपासायला सांगितला होता, मेंदू तपासला गेला. पण दुखणं ज्या नसेत आहे ती जाडीला जेमतेम तीन-चार मिलिमीटर. मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमधला एकेक काप बहुधा पाच मिलिमीटरचा असतो. अख्खी नस दोन कापांत आली आणि गेली. शिवाय डोळ्याच्या खोबणीत तिच्या चारही बाजूंना चरबी असते आणि एमआरआयच्या बऱ्याचशा चित्रांत चरबी पांढरीशुभ्र उमटते. सुजलेली नसही पांढरीच. पांढऱ्या भिंतीवर चुन्याचा डाग शोधायचा तसा हा प्रकार. चरबीचा उजेड मुद्दाम विझवून, तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांनी, समोरून छेद घेत आणि शिरेतून काँट्रास्ट देऊन चित्रं काढली, तर ताज्या सुजेत शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांची नस उजळलेली दिसते. यंत्र तेच, खोली तीच, आवाज तोच. बदलते ती फक्त चिठ्ठीवरची ओळ. ‘ब्रेन’च्या जागी ‘ब्रेन आणि ऑर्बिट, फॅट सप्रेशन, काँट्रास्टसह’ एवढं लिहिलं की नॉर्मलचं अ‍ॅबनॉर्मल होतं.

या पुस्तकाचा विषय वरवर पाहता फार अरुंद वाटेल: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते अशा आजारांत दृष्टिमार्गाची जी हानी होते, तिचं प्रतिमाचित्रण. तरी मला हा विषय न्यूरॉलॉजीतल्या एका मोठ्या प्रश्नाच्या ऐन मध्यावर उभा दिसतो. चित्रातली जखम आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ कसा घालायचा, हा तो प्रश्न. मेंदूत वीस पांढरे डाग असलेला माणूस रोज लोकल पकडून कामाला जातो आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत एकच डाग असलेला अंथरुणाला खिळतो. इतरत्र हा हिशेब जुळवणं महाकठीण. दृष्टिमार्गावर तो बराचसा जुळतो, कारण इथे प्रत्येक टप्प्याला मोजमाप आहे. माणूस तक्त्यावरची कितवी ओळ वाचतो, दृष्टिक्षेत्राचा कुठला कोपरा गेला आहे, संदेश मेंदूच्या मागच्या टोकाला किती मिलिसेकंदांत पोचतो, पडद्यावरचा तंतूंचा थर किती मायक्रॉन उरला आहे. हे सारे आकडे एकाच वाटेचे आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

ती वाट अशी. डोळ्याच्या पडद्यातून निघालेले सुमारे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन दृष्टीची नस बनते. लांबी साधारण पाच सेंटीमीटर. त्यातलं एक मिलिमीटर डोळ्याच्या गोळ्यात, पंचवीस-तीस मिलिमीटर खोबणीत, मग हाडातल्या अरुंद बोगद्यात, आणि उरलेली कवटीच्या आत. तिथे दोन्ही नसा एका चौकात भेटतात. नाकाकडच्या बाजूचे निम्म्याहून थोडे अधिक तंतू पलीकडे ओलांडतात, बाकीचे आपल्याच बाजूने पुढे जातात. म्हणून चौकाच्या आधी जखम झाली तर एक डोळा जातो, ऐन चौकात झाली तर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कडा जातात, आणि चौकानंतर झाली तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. पुढे थॅलॅमसमधला सहा थरांचा थांबा, तिथून पंख्यासारखे पसरलेले तंतू, आणि शेवटी डोक्याच्या अगदी मागे दृष्टीचा कॉर्टेक्स. या नसेला नस म्हणायचा प्रघात असला तरी ती हातापायांच्या नसांच्या जातीची नाही. तिच्यावरचं मायलिनचं आवरण मेंदूतल्याच पेशी घालतात. मेंदूवर उलटणारा आजार डोळ्याच्या नसेला सोडत नाही, त्याचं कारण हे आहे.

आजार म्हणावेत तर प्रामुख्याने तीन. त्यांच्या नावांची गर्दी पुस्तकात पुढे होणारच आहे, तेव्हा ओळख इथेच करून देतो.

पहिला मल्टिपल स्क्लेरॉसिस, बोलीत एमएस. पॅरिसमध्ये शार्कोने १८६८ साली त्याचं चित्र रेखलं. दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. फ्रान्समधल्याच लियाँ शहरात यूजीन डेव्हिक आणि त्याचा विद्यार्थी फर्नां गोल यांनी १८९४ साली डोळ्याची नस आणि मज्जारज्जू एकदम सुजलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. पुढची शंभर वर्षं वैद्यक याला एमएसचंच एक उग्र रूप समजत राहिलं. तिसरा सगळ्यांत अलीकडे वेगळा निघालेला, मॉगॅड. मायलिनच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच्या ‘मॉग’ नावाच्या प्रथिनाविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचा हा आजार. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष छापून आले २०२३ साली, म्हणजे आजच्या अनेक डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात त्याचं प्रकरणच नव्हतं.

दुसऱ्या आजाराची गाठ कशी सुटली ती हकिकत मला फार आवडते. २००३ साली वैद्यकाचं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं, एमआरआयसाठी. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा पीटर अ‍ॅग्रे यांना मिळाला, पेशींच्या पापुद्र्यातले पाण्याचे दरवाजे, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, शोधल्याबद्दल. दोन्ही शोध मुळात पाण्याचेच. एमआरआयमधलं चित्र शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूंच्या हालचालीतून उमटतं. त्या दोन नोबेलांचा एकमेकांशी काही संबंध येईल असं त्या डिसेंबरात स्टॉकहोममध्ये कुणाला वाटलं असण्याची शक्यता कमीच. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूरोमायलायटिसच्या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिपिंड असल्याचं दाखवलं, आणि २००५ मध्ये त्याचं लक्ष्यही सापडलं: अ‍ॅक्वापोरिन-४. मेंदूतल्या आधारपेशींच्या टोकांवरचा पाण्याचा दरवाजा. हल्ला मायलिनवर नव्हताच, तो आधारपेशींवर होता. मायलिन मागाहून ढासळत होतं. एमएस आणि न्यूरोमायलायटिस यांचं नातं त्या दिवशी तुटलं. नुकसान कुठे होतं हेही मग उमगू लागलं, कारण हे दरवाजे जिथे दाट, तिथे आजार जास्त. मेंदूच्या मागच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या काठावर उलटीचं एक केंद्र आहे. तिथे सूज आली की रुग्णाला दिवसेंदिवस उचकी लागते, ओकाऱ्या थांबत नाहीत. असे रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरकडे जातात, एंडोस्कोपी होते, ‘सगळं ठीक’ म्हणून घरी येतात, आणि काही आठवड्यांनी डोळा किंवा पाय जातो. उचकीच्या या रुग्णाचा एमआरआय वेळेत झाला तर पुढचा डोळा वाचवायला वाव असतो.

आता मूळ मुद्दा. तक्रार एकच: एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. चित्रात मात्र हे तीन आजार बहुतेक वेळा वेगळे दिसतात. एमएसमध्ये सूज एकाच नसेत, आखूड टप्प्यात, खोबणीच्या भागात. न्यूरोमायलायटिसमध्ये ती लांबलचक, मागच्या भागात, कित्येकदा दोन्हीकडे आणि चौकापर्यंत पोचलेली. मॉगॅडमध्येही लांबलचक आणि दोन्हीकडे, पण पुढच्या भागात. डोळ्याच्या आतलं नसेचं टोक फुगलेलं, आणि काँट्रास्ट नसेच्या गाभ्यापेक्षा तिच्या वेष्टनात आणि आसपासच्या चरबीत उजळलेला. मेंदूतही फरक. एमएसचे डाग अंडाकृती, मेंदूच्या पोकळ्यांच्या काठाशी काटकोनात उभे. एडिनबरोच्या डॉसनने १९१६ साली ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. आज रेडिओलॉजिस्ट तेच एमआरआयच्या फिल्मवर बोटाने दाखवतो. मॉगॅडचे डाग पुष्कळदा काही महिन्यांनी पुसले जातात, एमएसचे सहसा राहतात. ‘बहुतेक’, ‘पुष्कळदा’, ‘सहसा’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. एखादी फिल्म तिन्ही घरं ओलांडून बसते, आणि मग रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीवाचून गत्यंतर नसतं.

हा फरक कशासाठी करायचा? कारण औषधं एकमेकांना चालत नाहीत. इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमोड ही एमएसची औषधं न्यूरोमायलायटिसच्या रुग्णाला दिली तर आजार भडकू शकतो. एमएसमधला डोळा बहुतेक वेळा आपोआपही सुधारतो. न्यूरोमायलायटिसमधला एकेक झटका कायमचा वाटा घेऊन जातो. तिथे स्टेरॉइडची सलाईन आणि गरज पडली तर प्लाझ्मा बदलणं, हे दिवसांच्या हिशेबाने करावं लागतं. प्रतिपिंडांचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. एमआरआय त्याच दिवशी होऊ शकतो. त्या मधल्या काळात निर्णय घ्यायला हाताशी असते ती फिल्म. अर्थात एमआरआयची तारीख मिळेना म्हणून स्टेरॉइड अडवून धरणं हाही शहाणपणा नव्हे.

इथे आपल्या देशापुरतं जरा विस्ताराने लिहायला हवं. डोळ्याची नस सुजली की काय करायचं, याचं जगभरातलं शिक्षण ज्या एका अभ्यासावर उभं आहे तो अमेरिकेत झाला. जुलै १९८८ ते जून १९९१ या काळात पंधरा केंद्रांवर ४५७ रुग्ण त्यात घेतले गेले. निष्कर्ष प्रसिद्ध आहेत: शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतते, पण अखेरीस फारसा फरक राहत नाही, नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या दिल्या तर झटका पुन्हा येण्याचं प्रमाण वाढतं. याच अभ्यासातून मेंदूच्या एमआरआयचं मोल कळलं. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्के लोकांना पुढच्या पंधरा वर्षांत एमएस झाला. एक किंवा अधिक डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. एका फिल्मवरून पंधरा वर्षांचं भाकीत करण्याची संधी वैद्यकाला फार थोड्या ठिकाणी मिळते.

पण या अभ्यासाला एक शेपूट आहे. त्यातल्या १७७ रुग्णांचे साठवून ठेवलेले रक्तनमुने पुढे नव्या प्रतिपिंडांसाठी तपासले गेले आणि निकाल २०१८ मध्ये आला. अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धचा प्रतिपिंड एकाकडेही नव्हता. मॉगविरुद्धचा फक्त तिघांकडे. म्हणजे ‘थोडी वाट पाहा, डोळा सुधारतो’ हा दिलासा ज्या लोकांच्या आधारावर दिला गेला, त्यांच्यात हे दोन आजार जवळजवळ नव्हतेच. आपल्याकडे ते आहेत. एमएस भारतात युरोपइतका नाही, हे जुन्या डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक होतं. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजात तो आजूबाजूच्या इतर समाजांपेक्षा बराच जास्त असल्याचं १९९० साली दाखवलं, तेही याच चौकटीत वाचायला हवं. आशियात ‘डोळा आणि मणका’ धरणाऱ्या एमएसची एक वेगळी जात मानली जात असे. तिच्यातले बरेचसे रुग्ण न्यूरोमायलायटिसचे होते, हे प्रतिपिंड सापडल्यावर कळलं. तेव्हा अमेरिकेतला दिलासा इथे जसाच्या तसा देऊ नये, आणि दिलाच तर नसेचं चित्र पाहून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा आणखी एक पेच म्हणजे या आजारांची सोंगं घेणारी दुखणी. क्षयाच्या उपचारातल्या एथॅम्ब्युटॉलमुळे नस निकामी होते, विषारी दारूतल्या मिथाइल अल्कोहोलने होते, ब-१२च्या अभावाने होते. यांत बहुधा दोन्ही डोळे हळूहळू किंवा एकदम, पण न दुखता जातात. क्षय स्वतःही मेंदूच्या आवरणात शिरून चौकाभोवती जमतो आणि चित्रात उजळतो. स्टेरॉइडची सलाईन लावण्याआधी रुग्णाला ‘टीबीच्या गोळ्या चालू आहेत का’ हा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. एमआरआयच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहावं लागतं, याचं मला वाईट वाटतं, पण लिहायला हवं.

एमआरआयचा इतिहास आणि एमएसचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने एमएसच्या दहा रुग्णांची चित्रं प्रसिद्ध केली. सीटी स्कॅनवर सगळ्यांचे मिळून १९ डाग दिसले होते. नव्या यंत्राने तेवढे दाखवून वर ११२ आणखी दाखवले. तिथून पुढे डाग मोजण्याची एक साथच आली. २००१ साली इयन मॅकडोनल्ड यांच्या नावाने एमएसच्या निदानाचे निकष आले आणि त्यांनी मेंदूतल्या कुठल्या जागांचे डाग मोजायचे ते ठरवून दिलं. गंमत अशी की दृष्टीची नस त्या जागांमध्ये नव्हती. ज्या मॅकडोनल्डनी १९७२ साली हॅलिडे आणि मुशीन यांच्याबरोबर सूज येऊन गेलेल्या नसेतून संदेश उशिरा पोचतो हे दाखवलं, त्यांच्याच नावाच्या निकषांत नसेला जागा मिळायला २०२४ची सुधारणा यावी लागली. ती आता पाचवी जागा म्हणून मोजली जाते. ‘एमआरआय ब्रेन’ एवढीच चिठ्ठी लिहिण्याची सवय मोडायला निदान हे कारण तरी पुरेसं ठरावं.

संदेश उशिरा पोचतो म्हणजे काय होतं, हे फिल्मवर दिसत नाही. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन उलटेपालटे होत राहतात, रुग्ण त्यांच्याकडे पाहतो, आणि डोक्याच्या मागे चिकटवलेल्या तारा मेंदूचा प्रतिसाद टिपतात. निरोगी माणसात तो सुमारे शंभर मिलिसेकंदांत येतो. सूज येऊन गेलेल्या डोळ्यात तो वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त मिलिसेकंद मागे पडतो आणि दृष्टी ६/६ झाली तरी मागेच राहतो. तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचणारी मुलगी मग सांगते की रस्ता ओलांडताना रिक्षा नेमकी कुठे आहे ते कळत नाही, टाकलेली चावी झेलता येत नाही. घरच्यांना ते नाटक वाटतं. दोन डोळ्यांची चित्रं मेंदूत वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून सरळ रेषेत झुलणारा लंबक तिला लंबवर्तुळात फिरताना दिसतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिशने १९२२ साली या आभासाचा उलगडा केला. त्याची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे त्याला तो कधी दिसला नाही. निरोगी डोळ्यापुढे गडद काच लावली की तो डोळाही थोडा सुस्तावतो आणि रिक्षा जागेवर येते. इतका साधा उपाय बहुतेक रुग्णांना कुणी सांगतच नाही.

सूज ओसरल्यावर काय उरलं, हे ओसीटी सांगतं. १९९१ साली जन्मलेलं हे तंत्र पडद्यावरच्या तंतूंच्या थराची जाडी प्रकाशाने मोजतं. नस सुजलेली असताना हा थर फुगून खोटा दिलासा देतो; खरा हिशेब तीन ते सहा महिन्यांनी लागतो. सरासरी ७५ मायक्रॉनच्या खाली गेली की दृष्टिक्षेत्रात खड्डे पडू लागतात. मरण पावलेल्या तंतूंची खबर वाटेने मागेही जाते: थॅलॅमसमधला थांबा आक्रसतो, त्यापुढचे पसरलेले तंतू विरळ होतात. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती मोकळे सरकतात ते मोजणारा डिफ्यूजन एमआरआय ही विरळता पकडतो. त्यात खरी मारामारी अशी की ती विरळता नसेच्या जखमेची सावली आहे की आजाराचा वेगळा हल्ला, हे एमएसमध्ये ठरवणं अवघड जातं. न्यूरोमायलायटिसमध्ये जरा सोपं, कारण तिथे हे बदल मुख्यतः डोळ्याचा झटका येऊन गेलेल्यांतच सापडतात. या वादावर पुस्तकात दोन प्रकरणं खर्च झाली आहेत आणि दोन्हींचा कल मला पुरता पटलेला नाही. वाचकाने आपलं ठरवावं.

मेंदू गप्प बसत नाही हेही चित्रांतूनच कळलं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या संशोधकांनी २००० साली, एका डोळ्याची सूज येऊन सुधारलेल्या लोकांना चालू एमआरआयमध्ये प्रकाश दाखवला. आजारी डोळ्यावर प्रकाश पडताच दृष्टीच्या कॉर्टेक्सखेरीज मेंदूचे इतर भागही जागे होत होते, जे निरोगी लोकांत एवढे होत नाहीत. ही भरपाई आहे की नुसती गडबड, यावर अजून एकमत नाही.

पुस्तक रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं आहे असं मुखपृष्ठावर म्हटलं असलं, तरी तालुक्याच्या गावी एकट्याने ओपीडी चालवणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना त्याचा जास्त उपयोग होईल असा माझा अंदाज आहे. त्यांनी भौतिकशास्त्राची पहिली दोन प्रकरणं खुशाल सोडावीत आणि थेट स्कॅन कसा मागवावा त्या प्रकरणापासून सुरुवात करावी. काँट्रास्ट कुणाला देऊ नये, किडनीचा रिपोर्ट आधी का पाहायचा, दर फेरीला पुन्हा पुन्हा काँट्रास्ट का टाळावा, याची चर्चाही तिथेच आहे. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मधली चित्रांची पानं आपल्या फिल्मशी ताडून पाहण्याचा मोह आवरावा. त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण आहे, आणि त्यात पुढच्या भेटीला डॉक्टरांना काय विचारायचं ते मराठीत, ओळीने दिलं आहे.